गेम बनवायला माणसं मिळतात हो, खेळायला मिळत नाहीत

सोमवारी सकाळी साडेआठला मी एका हातात डबा आणि एका हातात फोन घेऊन स्वयंपाकघरात उभी होते आणि डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या अ‍ॅपवर मेसेजवर मेसेज पडत होते. ताई झिप चढत नाहीये. ताई माझं पेज तुम्हाला दिसतंय का. ताई ब्राउझरमध्ये नुसतं काळं येतंय, काल रात्रीपर्यंत चालत होतं आईशप्पथ. नऊला सबमिशन बंद होणार होतं. आईने माझा चेहरा बघून विचारलं, ऑफिसात काही पेटलंय का? म्हटलं ऑफिसचं नाही गं, हे मी माझ्या हाताने पेटवलंय.

तर हा किस्सा आमच्या गेम जॅमचा आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गेम जॅम म्हणजे एक विषय जाहीर करायचा आणि ठरलेल्या वेळात, दोन दिवस म्हणा तीन दिवस म्हणा, त्या विषयावर शून्यापासून एक छोटा व्हिडिओ गेम बनवून सगळ्यांसमोर टाकायचा. मग सगळ्यांनी एकमेकांचे गेम खेळायचे, मार्क द्यायचे, कमेंट लिहायच्या. जगात हे बरंच जुनं आहे, लुडम डेअर नावाची स्पर्धा २००२ पासून चालू आहे आणि तिच्यात अजूनही ४८ तास एकट्याने बनवायचा एक गट आणि ७२ तास टीमने बनवायचा दुसरा गट असतो. आणि अशा घाईगडबडीतून चांगलं काही निघत नाही असं वाटत असेल तर सेलेस्ट नावाचा गेम बघा. पुढे एवढा गाजला, पण त्याचं पहिलं रूप दोघांनी चार दिवसांत पिको-८ वर बनवलेलं. पिको-८ म्हणजे छोटे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, त्यात १२८ बाय १२८ पिक्सेल आणि १६ रंग, बास, तेवढ्यात काय करायचं ते करा.

मी स्वतः पहिल्यांदा उतरले ते २०२० च्या जुलैमध्ये, लॉकडाऊनमध्ये. जीएमटीके नावाच्या यूट्यूब चॅनलचा जॅम, विषय होता 'आउट ऑफ कंट्रोल', ४८ तास. मी ब्रेक फेल झालेली रिक्षा बनवली. अतिशय भिकार गेम होता, रिक्षा कधीकधी रस्त्यातून खाली पडायची आणि पडतच राहायची. पाच हजारांच्या वर गेम आलेले, त्यात माझा कुठे दिसणार. एकूण अकरा जणांनी खेळला. पण त्यातल्या एकाने, कुठल्या देशातला कोण मला आजही माहीत नाही, तीन परिच्छेद लिहिले होते की वळणावर रिक्षा कलते तेव्हा मजा येते पण मीटर वाढताना आवाज हवा होता. मीटर! म्हणजे त्याने मीटर बघितला! मी तो मीटर रात्री दोन वाजता काढला होता आणि कुणी बघेल असं मला वाटलंच नव्हतं. ती कमेंट मी दोन दिवसांत किमान वीस वेळा वाचली असेल.

हेच मराठीत करायचं असं तेव्हापासून डोक्यात होतं. आमचा एक डिस्कॉर्ड सर्व्हर आहे, मराठी बोलणाऱ्या हौशी गेमवाल्यांचा. सदस्य तीनशेच्या वर, त्यातले बोलणारे तीस, बाकीचे कधी आले आणि का आले देव जाणे. पुणे, नाशिक, सोलापूर, रत्नागिरी, एक जण बेळगावचा, आणि न्यू जर्सीचे एक काका, जे पन्नाशीत आहेत आणि आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त उत्साही आहेत. तिथे मी एकदा लिहिलं की आपण जॅम घेऊया का, दहा मिनिटांत बावीस अंगठे. अंगठ्यांवर विश्वास ठेवू नका हे तेव्हा कळायला हवं होतं.

पहिल्या वर्षी मी सगळ्या चुका केल्या. माझ्या डोळ्यांसमोर स्पर्धा म्हणजे काय, तर लहानपणी आमच्या गल्लीत दिवाळीत होणारी किल्ले स्पर्धा. संध्याकाळी मंडळाचे दोन काका वही घेऊन घरोघरी यायचे, आपण विहिरीत खरं पाणी आहे हे दाखवायला धडपडायचो, आणि शेवटी स्टीलचा डबा मिळायचा. म्हणून मी पण बक्षीस ठेवलं, चौघांनी मिळून पाच हजार रुपये. नियम चौदा लिहिले. मतदान सगळ्यांना खुलं. म्हटलं जितके जास्त लोक तितकं चांगलं.

झालं काय, तर एका गेमला शेवटच्या संध्याकाळी तीन तासांत साठ मतं पडली, सगळी पाचपैकी पाच, आणि कमेंटमध्ये 'नाइस ब्रो' शिवाय काही नाही. आमच्या अख्ख्या सर्व्हरवर एवढी जिवंत माणसं नाहीत. चौकशी केली तर पोराने कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकलेली. आता त्याचं चुकलं म्हणावं तर मतदान खुलं मीच ठेवलेलं ना, नियम क्रमांक अकरामध्ये स्पष्ट लिहिलेलं की कोणीही मत देऊ शकतं. मग दुसऱ्या बाजूने भांडण, तो गेम विकत घेतलेल्या टेम्प्लेटवर नुसतं चित्र बदलून बनवलाय म्हणून. त्यावर तिसरं भांडण की टेम्प्लेट वापरायची नाही असं नियमात कुठे आहे. नव्हतंच. चौदा नियमांत ते सोडून सगळं होतं.

कुणीतरी म्हणालं की बक्षीसच देऊ नका कुणाला. २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नव्हता, त्याचा दाखला आला. पण तिथे परीक्षक बसलेले असतात, त्यांनी एकांकिका पूर्ण बघितलेल्या असतात. आमच्याकडे मत देणाऱ्या त्या साठ जणांतल्या कितींनी गेम उघडला तरी होता? शेवटी पैसे दिले त्या पोराला, गपचूप. दोन माणसं सर्व्हर सोडून गेली. आणि पाच हजारांपायी झालेल्या त्या गोंधळात बाकीच्या गेमबद्दल कुणी चकार शब्द लिहिला नाही हे मला महिनाभराने लक्षात आलं, तेव्हा खरं वाईट वाटलं.

दुसऱ्या वर्षी बक्षीस बंद. आई म्हणाली, बक्षीस नाही नि काही नाही, मग कोण येणार तुमच्या स्पर्धेला? एक्केचाळीस जणांनी नाव नोंदवलं, माते. (जमा झाले चौदा गेम. हे असंच असतं, जॅममध्ये नाव नोंदवणं आणि एक जानेवारीला जिमची फी भरणं सारखंच.) नियम पाचावर आणले. मतदान फक्त ज्यांनी गेम दिलाय त्यांनाच. विकतची किंवा फुकटची चित्रं, आवाज वापरा पण सांगा, एआय वापरलं असेल तर तेही सांगा. एआयवर तरी दोन दिवस धुमशान झालंच, ते परत उकरत नाही.

विषय मतदानाने ठरला. यादीत 'प्रवास', 'वेळ', 'आठवण' असले शाळेच्या निबंधातले विषय होते आणि मी खरंच घाबरले होते की 'आठवण' येतोय. आला 'लोड शेडिंग'. शुक्रवारी रात्री नऊला जाहीर केला आणि लोक सुटले. विषय असाच पाहिजे. ज्याला लाइट जाणं माहीत आहे त्याच्याकडे सांगायला काहीतरी असतंच, आणि गेमच्या दृष्टीने अंधार म्हणजे फुकटात मिळालेली युक्ती, जे दिसत नाही ते काढावं लागत नाही! रत्नागिरीच्या एकीने मेणबत्ती शोधायचा गेम केला, ज्यात आजी दुसऱ्या खोलीतून सांगत राहते की अगं तिथेच आहे, देवघराच्या खालच्या खणात, आणि तिथे कधीच नसते. एकाने वायरमनचा केला, गावातले लोक आकडे टाकतात आणि तुम्ही ते काढत फिरायचं, पण सरपंचाच्या घराचा काढला की गेम ओव्हर. हसून हसून पुरे.

आता जरा रडगाणं. मराठीत गेम करायचा म्हणजे अक्षरं दिसली पाहिजेत. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना कल्पना येणार नाही. गोडो नावाचं फुकट इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर आहे, आमच्यातले बहुतेक तेच वापरतात. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत देवनागरी टाकली की वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं सुटी व्हायची, 'किल्ला' लिहिलं की पाय मोडलेला ल आणि पुढे दुसरा ल असं काहीतरी लंगडत यायचं. २०२३ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा ते नीट झालं. पण वेबवर टाकताना अजून एक गंमत आहे, तुमच्या कॉम्प्युटरवर सिस्टीमचा फॉन्ट उसना घेऊन मराठी सुरेख दिसतं आणि ब्राउझरमध्ये गेलं की सगळे चौकोन. कारण तिथे उसनं द्यायला कुणी नाही. फॉन्ट गेमच्या आतच घालून द्यावा लागतो. आम्ही मुक्ता किंवा बालू वापरा असं पिन करून ठेवलंय, दोन्ही फॉन्ट मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांचे आणि दोन्ही फुकट, तरी दर वर्षी दोन गेम चौकोनांचे येतात.

आणि पिक्सेलवाल्यांची तर वेगळीच कथा. इंग्रजी अक्षर आठ पिक्सेलमध्ये बसतं. आपल्याला वर शिरोरेषा, त्याच्यावर मात्रा, त्याच्यावर अनुस्वार, खाली उकार, 'ठ्ठ' असलं काही आलं की संपलं. नाशिकच्या एका पठ्ठ्याने शनिवारी दुपारी ठरवलं की मीच फॉन्ट काढतो, सोळा पिक्सेलचा. रात्रीपर्यंत त्याची तेवीस अक्षरं झाली आणि तो थकला. मग त्याने काय करावं? संवादच त्या तेवीस अक्षरांत बदलून लिहिले! 'ळ' काढायचा राहिला होता, म्हणून त्याच्या गेममधली म्हातारी 'वेळ झाली' च्या ऐवजी 'टाइम झाला' म्हणते आणि केळीवाल्याला कोथिंबीरवाला करून टाकलं... थांबा, कोथिंबिरीतला 'थ' तरी कुठून आणला त्याने, विचारायला पाहिजे. खेळणाऱ्यांना वाटलं मॉडर्न आजी आहे, कॅरेक्टर भारी लिहिलंय म्हणून कौतुक झालं.

तर तो सोमवार. सबमिशन सकाळी नऊपर्यंत, हे मी मुद्दाम ठेवलेलं, कारण 'रविवारी रात्री बारा' लिहिलं की अर्ध्या लोकांना ती शनिवारची रात्र वाटते आणि उरलेल्यांना रविवारची. सकाळी नऊमध्ये घोळ नाही. फक्त मी शहाणपणा करून पिन केलेल्या मेसेजमध्ये न्यू जर्सीच्या काकांसाठी तिकडची वेळ हाताने लिहिली होती, रविवार रात्री साडेअकरा. इतकी साधी वजाबाकी, साडेनऊ तास. आता आमचा जॅम होता दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या पहिल्या वीकेंडला, आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्याच रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात. म्हणजे शुक्रवारी जॅम सुरू झाला तेव्हा साडेनऊ तासांचा फरक आणि संपला तेव्हा साडेदहा तासांचा. काका त्यांच्या रात्री अकराला शांतपणे झिप घेऊन आले तर दार अर्धा तास आधीच बंद झालेलं. काकांनी एवढंच लिहिलं, "अगं, तुझ्या मेसेजात साडेअकरा आहे. मी वाचायला चुकलो का?" मी मीटिंगमध्ये होते, कॅमेरा चालू होता, आणि माझा चेहरा पडलेला सगळ्या टीमने बघितला. आमचा जॅम इच नावाच्या वेबसाइटवर भरतो, तिथे उशिरा आलेल्यांसाठी आयोजकाला वेगळी लिंक काढून देता येते, ती दिली. तेव्हापासून मी कुणाचीही वेळ हाताने लिहित नाही. पेजवरचं घड्याळ प्रत्येकाला ज्याची त्याची वेळ दाखवतं, तिकडे बघा म्हणते.

पण खरी गोष्ट पुढे आहे.

सोलापूर जिल्ह्यातला एक मुलगा आहे, डिप्लोमाला, बोलतो कमी. त्याने दिलेल्या गेमचं नाव होतं 'थ्री फेज'. शेतीची लाइट रात्री येते, त्यामुळे रात्री उठून उसाला पाणी द्यायला जायचं, एवढाच गेम. बॅटरीचा उजेड चार पावलांपुरता. बांधावरून चालत विहिरीपर्यंत जायचं, पेटीचं दार उघडायचं, हिरवं बटण दाबायचं. मग दारं धरायची. हा शब्द मला पुण्यात वाढल्यामुळे माहीत नव्हता, म्हणजे एक सरी पाण्याने भरली की तिचं तोंड मातीने बंद करायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. उशीर झाला की पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या रानात. साप दिसत नाही कधीच, नुसती डावीकडून सळसळ ऐकू येते आणि तुम्ही बॅटरी तिकडे फिरवता तेवढ्यात उजवीकडची सरी वाहायला लागते. आणि मधेच लाइट जाते. मोटरचा घुं असा आवाज हळूहळू खाली जातो आणि एकदम रातकिडे ऐकू यायला लागतात, इतका वेळ ते मोटरखाली दबलेले असतात. तो आवाज त्याने घरच्या मोटरवर फोनने रेकॉर्ड केला होता. स्टार्टरचा 'खट्' पण खरा. मी हेडफोन लावून रात्री खेळत होते आणि लाइट गेली तेव्हा मी खरंच खोलीतल्या पंख्याकडे बघितलं.

माझ्या मते त्या वर्षीचा सगळ्यात चांगला गेम तोच होता. आला नववा.

का, ते सांगते, कारण इथेच माझी चूक आहे. त्याच्या एका चित्राच्या फाइलच्या नावात शेवटचं पीएनजी कॅपिटलमध्ये होतं आणि कोडमध्ये स्मॉलमध्ये. विंडोजला त्याने काही फरक पडत नाही, दोन्ही एकच. गेम एक्स्पोर्ट झाला की फरक पडतो, फाइल सापडत नाही, आणि ब्राउझरमध्ये नुसतं काळं. सकाळी आठ चाळीसला 'काळं येतंय आईशप्पथ' म्हणणारा तोच होता. मी डबा भरत त्याला सांगितलं, इंडेक्सची फाइल झिपमध्ये सगळ्यात वर आहे का बघ. होती. मग म्हटलं इचच्या सेटिंगमधला शेअर्ड अ‍ॅरे बफरचा चौकोन टिक केलास का बघ. केलेला. मग मला बस पकडायची होती. त्याने घाबरून ब्राउझरचा गेम काढून टाकला, ते चित्रच उडवलं आणि नुसती विंडोजची ईएक्सई फाइल चढवली.

आता अनोळखी माणसाची ईएक्सई कोण डाउनलोड करतो? केली तरी विंडोज निळी खिडकी दाखवून भीती घालतं, लोक तिथूनच परत फिरतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर प्रश्नच नाही, आणि मॅकवाले तसेही बाद. बाकीच्या गेमना नऊ-दहा जणांनी मार्क दिले, याच्या गेमला चौघांनी. चौघांची सरासरी साडेचार. सगळ्यांत जास्त.

आणि इचवर निकाल नुसत्या सरासरीवर लागत नाही. ते काय करतात, प्रत्येक गेमला किती जणांनी मार्क दिले त्या आकड्यांचा मध्यक काढतात, दहावीला होतं की, चढत्या क्रमाने लावायचं आणि मधला घ्यायचा. आमचा मध्यक आला नऊ. तुमचे मार्क देणारे त्याहून कमी असतील तर तुमची संख्या भागिले मध्यक, त्याचं वर्गमूळ, आणि त्याने तुमच्या सरासरीला गुणायचं. चार भागिले नऊ, वर्गमूळ दोन तृतीयांश. साडेचारचे झाले तीन.

सूत्र चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. ते नसतं तर दोन मित्रांकडून पाच-पाच मार्क घेऊन कोणीही पहिला आला असता, आणि पहिल्या वर्षीच्या त्या साठ मतांनंतर मी तर असल्या सूत्राची आरती करायला तयार होते. लुडम डेअरमध्ये पण किमान वीस जणांनी मार्क दिल्याशिवाय क्रमांकच देत नाहीत, आणि तिथे ते वीस मिळवायला लोक स्वतः जाऊन दुसऱ्यांचे गेम खेळतात, कमेंट टाकतात, मग तो माणूस उलट येऊन यांचा खेळतो. आहेर-परतआहेर चालतो. पण सूत्र एवढंच बघतं की कमी लोकांनी खेळला. का कमी लोकांनी खेळला हे बघायचं काम आयोजकाचं, आणि आयोजक बसमध्ये होती.

निकाल लागल्यावर त्याने 'थँक यू सगळ्यांना' एवढंच लिहिलं. मी त्याला वेगळा मेसेज केला, वर्गमूळाचं गणित समजावलं. म्हणाला, "ताई मार्कांचं काही नाही, पण तुम्ही शेवटपर्यंत खेळलात का?" म्हटलं हो. "मग शेवटी उजाडतं ते बघितलं का?" म्हटलं बघितलं रे, आणि कोंबडा आरवतो ते पण. त्यावर त्याने हसण्याच्या सात इमोजी टाकल्या. आणि मला माझा रिक्षाचा मीटर आठवला.

इतके दिवस मी समजत होते की माझं काम म्हणजे लोकांकडून गेम बनवून घेणं. विषय द्या, तारीख द्या, मागे लागा. पण बनवणारे बनवतातच, नाही म्हटलं तरी बनवतात, रात्री जागून बनवतात. खेळायला बसवणं अवघड. स्वतःचा गेम चढवला की माणूस दमलेला असतो, झोपतो, सोमवारी नोकरी, कॉलेज, आणि मग रोज येऊन फक्त स्वतःच्या पेजवर किती जण आले ते बघतो. मी पण तेच केलं होतं २०२० मध्ये, खोटं कशाला बोलू, अकरा जणांनी माझा खेळला आणि मी एकूण तीन खेळले.

त्यामुळे आता नियम असा की किमान आठ गेमना मार्क आणि कमेंट दिल्याशिवाय तुमचा क्रमांक जाहीर करत नाही. कमेंटमध्ये 'नाइस' चालत नाही, एक तरी गोष्ट नाव घेऊन लिहायची. प्रत्येक गेम निदान दहा मिनिटं खेळायचा, ही कल्पना उचललेली आहे, मजकुरावर चालणाऱ्या गेमची एक स्पर्धा आहे १९९५ पासून चालणारी, आयएफकॉम्प, तिथे परीक्षकाने पहिल्या दोन तासांत जेवढं खेळून होईल त्यावरच मार्क द्यायचे असतात, गेम कितीही मोठा असो. आपण दोन तास कुठून आणणार, दहा मिनिटं पुष्कळ. ब्राउझरमध्ये चाललाच पाहिजे. आणि रविवारी संध्याकाळी सातला 'झिप तपासणी', जे काही अर्धवट झालंय ते चढवा, आम्ही तिघं बसून उघडून बघतो. मागच्या जॅमला त्या तपासणीत पाच गेम काळे निघाले. पाच! त्यातले तीन कॅपिटल-स्मॉलचेच.

पण याची सुरुवात झाली ती त्या निकालानंतरच्या शनिवारी. मला चैन पडेना म्हणून मी लिहिलं की आज रात्री नऊला व्हॉइस चॅनलवर या, मार्क नाहीत, नंबर नाहीत, चौदाच्या चौदा गेम एकेक करून खेळायचे, ज्याचा गेम त्याने स्क्रीन दाखवायची नाही, दुसऱ्याने खेळायचा आणि बनवणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं. शेवटची अट सगळ्यांत अवघड होती. आपल्या गेममध्ये लोक चुकीच्या दारावर डोकं आपटतायत आणि आपल्याला सांगता येत नाही की अरे डावीकडे! रत्नागिरीवाली म्हणाली की मी म्यूट करून उशीत ओरडले.

अकरा जण आले. न्यू जर्सीच्या काकांकडे सकाळ होती, ते चहा घेऊन बसले होते. 'थ्री फेज' पावणेबाराला लागला, फाइलचं नाव दुरुस्त करून, ब्राउझरमध्ये. काका खेळत होते. ते मूळचे लातूरकडचे, पण तीस वर्षं झाली सोडून. बांधावरून जाताना नुसते हूं हूं करत होते, हिरवं बटण दाबलं आणि तो 'खट्' आला तसे थांबले, म्हणाले, "अरे हा आवाज..." आणि पुढे काही बोललेच नाहीत, सरी भरून वाहायला लागली तरी नाही. आम्ही सगळे ओरडतोय काका सरी, काका सरी!

तेवढ्यात त्या मुलाच्या माइकमधून मागून कुणाचा तरी खोकला ऐकू आला. त्याचे वडील. पोरगं रात्री बाराला कुणाशी बोलतंय म्हणून बघायला आले असणार. त्याने त्यांना काहीतरी हळू आवाजात सांगितलं, मग थोडा वेळ शांतता, बघत असावेत. आणि मग मागूनच, अगदी स्पष्ट,

"आरं पर आपल्या मोटरला ऑटो बसवलाय की. लाइट आली की आपोआप चालू हुती. ह्यो बाबा रातचा हिंडतोय कशाला?"

"अण्णा, गेममध्ये नाय बसवला ऑटो."

"मग बसव की."

त्यानंतर पाच मिनिटं कुणालाच बोलता येईना. त्या गेमच्या पेजवर आज सतरा कमेंट आहेत आणि त्यातल्या सहांमध्ये एवढंच लिहिलंय, पुढच्या व्हर्जनला ऑटो टाक.